कंपाउंडरला ताप

बँकेत नोकरी करणाऱ्याचा देवावर नसला तरी सहीवर विश्वास असतो. प्रत्यक्ष कुबेर काउंटरवर आला तरी आम्ही नमुना-सहीचे कार्ड काढणार आणि ‘ब’चा गोळा पूर्वीसारखा नाही म्हणून त्याला उद्या यायला सांगणार. म्हणूनच ऑक्टोबर २०२५मधला प्रकार ऐकून आमच्या हेडकॅशिअरना चहा गिळवेना.

मोठ्या कचेऱ्यांत विंडोजची दुरुस्ती प्रत्येक कॉम्प्युटर आपली आपण आणत बसत नाही. एक सर्व्हर ती मायक्रोसॉफ्टकडून घेतो आणि बाकीच्यांना डोस वाटतो. नाव डब्ल्यूएसयूएस, काम जुन्या कंपाउंडरचे. तो देईल ते लाल पाणी सगळे मुकाट पितात. नेमके त्यालाच दुखणे निघाले, तेही दहापैकी ९.८ गुणांचे! (बी.कॉम.ला मला असे गुण कोणी दिले नाहीत.)

“चोराला पासवर्डसुद्धा लागत नाही?” मी सिस्टिमवाल्या पोराला विचारले.

“नाही ना काका! बाहेरून एक गाठोडं पाठवायचं. आत काय आहे ते न तपासता सर्व्हर ते सोडतो आणि आतला हुकूम सर्वाधिकाराने पाळतो.”

“म्हणजे चेक आधी वटवायचा आणि सही मग ताडायची?” हेडकॅशिअर ओरडले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या तोंडून याहून मोठी शिवी कोणी ऐकली नव्हती.

बरे, १४ ऑक्टोबरला आलेले औषध अपुरे ठरले. २३ तारखेला पुन्हा तातडीचा डोस, वर रीस्टार्ट. तोवर हल्लेखोरही कामाला लागले. ज्यांना लगेच जमणार नव्हते त्यांना पथ्य असे: ८५३० आणि ८५३१ ही दोन पोर्टं बंद करा, नाहीतर कंपाउंडरला सरळ रजेवर धाडा. मग वाटपही बंद!

२३ला आपल्याकडे भाऊबीज. दुसऱ्या दिवशी पोरगा बहिणीकडच्या अर्ध्या पानावरून उठून हेड ऑफिसात गेला.

“आपला सर्व्हर इंटरनेटला उघडा नाही, काका. आतही फक्त आपल्याच मशिन्सना दार. पण एखादं मशिन आतूनच फितूर झालं तर? म्हणून आधी त्यालाच डोस पाजला.”

“आणि बासुंदी?”

“राहिली.”

१ नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागली. एक आजोबा कडाडले, “मी समोर उभा आहे, तरी पुरावा कशाला?”

एरवी हेडकॅशिअर भांडले असते. त्या दिवशी त्यांनी आजोबांना खुर्ची दिली आणि शाखेचे मागचे दार लावले आहे ना, ते दोनदा उठून बघून आले.