कुणालाही बाहेर न काढता

सुखात वाढलेल्या माणसाला रानात सोडलं की तो आतून कसा आहे ते कळतं, ही समजूत टीव्हीच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे. राम वनात गेला, पांडव गेले, नळ-दमयंती रानोमाळ भटकले, हरिश्चंद्र स्मशानात राबला. ज्यांच्या पायाला कधी धूळ लागली नव्हती त्यांना तहान-भूक भेटते तेव्हा ते कसे वागतात, हे ऐकायला आपली माणसं कीर्तनात आणि तमाशाच्या वगाला रात्र-रात्र बसत आली. २००८ साली कलर्स वाहिनी ‘खतरों के खिलाडी’ घेऊन आली आणि पुढच्याच वर्षी सोनीवर ‘इस जंगल से मुझे बचाओ’ सुरू झालं. मलेशियाच्या जंगलात ओळखीचे चेहरे चिखलात झोपताना, किड्यांना घाबरताना, अर्धपोटी राहताना जळगावच्या घराघरांतून दिसू लागले. आमच्या गल्लीत कुणाला त्या कल्पनेचं फार नवल वाटलं नाही. राजपुत्रांच्या जागी नटनट्या आल्या, एवढंच लोकांनी मनात जुळवून घेतलं.

आम्हा खानदेशच्या माणसांना तर देहाची परीक्षा गर्दीनं बघायची सवयच आहे. अक्षय्य तृतीयेला, ज्या सणाला आम्ही आखाजी म्हणतो, किंवा गावाच्या यात्रेला इथं बारागाड्या ओढल्या जातात. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकामागे एक बांधतात, त्यांवर माणसं खच्चून बसतात आणि उपास धरलेला भगत दोन बाजूंच्या सोबत्यांच्या, म्हणजे बगल्यांच्या, आधारानं त्या ओढतो. भंडारा उधळला जातो, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो आणि हजारो डोळे एका माणसाच्या पाठीवर खिळतात. मला ते दृश्य भारून टाकतं आणि त्याची भीतीही वाटते, कारण वेग घेतलेल्या गाड्यांना आवरणं सोपं नसतं आणि चाकाखाली माणसं येऊन जीव गेल्याच्या घटना या भागात घडल्या आहेत. ज्या गर्दीत मी उभा राहिलो आहे, त्याच गर्दीचं कुतूहल रात्री नऊनंतर टीव्हीसमोर बसतं. त्या कुतूहलाला हीन म्हणायला माझं मन धजत नाही. माणसात किती बळ आहे हे डोळ्यांनी बघावंसं वाटणं ही चांगलीच भूक आहे.

मग खटकतं काय? टीकाकारांनी आजवर जे सांगितलं त्यात तथ्य आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं ‘बिग बॉस’ रात्री अकरानंतर दाखवण्याचा आदेश काढला. मुंबई उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, पण अश्लीलतेचा वाद संपला नाही. २०२१ मध्ये कीर्तनकार शिवलीला पाटील मराठी ‘बिग बॉस’च्या घरात गेल्या तेव्हा वारकरी मंडळी दुखावली. प्रकृतीमुळे बाहेर पडल्यावर शिवलीलाताईंनी जाहीर माफी मागितली. ज्या ब्रिटिश कार्यक्रमावरून आपलं ‘इस जंगल से’ बेतलं होतं, त्याच्या ऑस्ट्रेलियातल्या २००९ च्या पर्वात स्पर्धकांनी उंदीर मारून खाल्ला आणि तिथल्या न्यायालयानं वाहिनीला दंड केला. २०२३ च्या अखेरीस झी मराठीवर हार्दिक जोशी यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘जाऊ बाई गावात’ आलं. शहरी मुली गावात राहून शेण-पाणी, चूल, शेतातली कामं करू लागल्या आणि आपल्या आयाबहिणींचा रोजचा दिवस तिथं ‘टास्क’ झाला. कपाशी वेचून बोटं चिरलेल्या बाईला ते बघून काय वाटत असेल, हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांनी योग्यच विचारला. हे सगळं ‘स्क्रिप्टेड’ असतं हा आक्षेप तर पारावरची पोरंही घेतात. चोवीस तासांच्या चित्रीकरणातून तासाभराचा भाग कापून काढायचा म्हटलं की कोण शूर आणि कोण कपटी दिसणार हे संकलकाच्या हाती जातं, हेही खरंच.

पण हे सारे आक्षेप दूर केले, शिव्या कापल्या, प्राण्यांना सोडून दिलं, एकही प्रसंग रचलेला ठेवला नाही, तरी माझी अस्वस्थता जाणार नाही. ती त्या खेळाच्या मूळ नियमाबद्दल आहे. दर आठवड्याला एकानं जायचं, शेवटी जो एकटा उरेल तो जिंकला. जंगल असो, बेट असो की कुलूप लावलेलं घर, नियम हाच. संकटात तग धरायचा म्हणजे बरोबरच्यांना एकेक करून कमी करायचं, हा धडा इतक्या गोड रीतीनं आणि इतकी वर्षं शिकवला गेला आहे की तो कुणी शिकवतो आहे याचंही भान राहत नाही.

या प्रकारचा खेळ टीव्हीवर पहिल्यांदा स्वीडनमध्ये आला. १९९७ साली तिथं ‘एक्सपेडिशन रॉबिन्सन’ हा बेटावरचा कार्यक्रम आला. त्याचाच पुढे अमेरिकेत २००० साली ‘सर्व्हायव्हर’ झाला आणि २०१२ मध्ये फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर चित्रित केलेली त्याची हिंदी आवृत्ती स्टार प्लसवर आली. त्या पहिल्याच स्वीडिश पर्वात सर्वांत आधी मतदानानं बाहेर काढला गेलेला माणूस बोस्नियाचा निर्वासित होता. तो कार्यक्रम लोकांना दिसण्यापूर्वीच त्यानं आत्महत्या केली. माणूस जीव का देतो याचं एकच कारण सांगायला कुणी धजू नये. पण युद्धातून जीव वाचवून आलेला माणूस तग धरण्याच्या खेळात पहिला नापास ठरवला गेला, ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेली नाही. त्या खेळाची मोजपट्टी किती तोकडी होती, याचा याहून मोठा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, घराच्या भिंती रात्रीही तापलेल्या असतात. अशा दिवसांत त्या आमच्या कूलरपुढे येऊन बसत आणि टीव्हीवर जे चालू असेल ते बघत. एकदा बेटावरच्या अशाच एका कार्यक्रमात मतदान झालं आणि एक मुलगी रडत निघाली. आजींनी विचारलं, “तिनं काय चुकनं? तिले का बरं काढी दिनं?” मी नियम समजावून सांगितला. दर आठवड्याला कुणीतरी जावंच लागतं, असं म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. मग त्या बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोलू लागल्या. त्या तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. फोडलेल्या खडीचं माप घेऊन मजुरी मिळे. त्यांच्या टोळीत एक ओली बाळंतीण होती, तिचं माप कधी भरायचं नाही. बाकीच्या बाया आपापल्या ढिगातून घमेलं-घमेलं तिच्या ढिगात टाकत आणि माप घेणारा येईपर्यंत तिचा ढीग सगळ्यांच्या ढिगाएवढा होई. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात पराक्रमाचा आव नव्हता. तसं करायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातली तग धरण्याची सर्वांत मोठी कहाणी मला त्या घमेल्यांमध्ये दिसते. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. लोक लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होते, सुकडीवर लेकरं जगवत होते, पाझर तलाव आणि नाल्यांचे बांध घालत होते. इतक्या भीषण अवर्षणातही मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडू दिले गेले नाहीत. त्या अनुभवातून आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. जो हात काम मागेल त्याला काम, हे त्या कायद्याचं सूत्र. एका समाजानं आपल्या सर्वांत वाईट काळातून शिकून नियम केला, तो कुणालाही बाहेर न ठेवण्याचा.

बंद जागेत माणसं कोंडली की ती भांडतात, कट करतात, एकमेकांचे लचके तोडतात, हे या कार्यक्रमांनी आपल्या मनावर ठसवलं आहे. खानदेशाला त्याहून वेगळं उदाहरण माहीत आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात स्वातंत्र्यसैनिक दाटीवाटीनं कोंडले होते. तुरुंगाचं अन्न, सक्तीचं काम, बाहेरच्या घराची काळजी, खोलीत पाय पसरायला जागा नाही. तिथं विनोबा भावे होते, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली नोकरी सोडून लढ्यात उतरलेले साने गुरुजी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं जन्माला आलं आणि भारतातल्या कितीतरी भाषांत गेलं. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं. नामवंत माणसं, कोंडवाडा, कष्ट, सतत कुणाची तरी नजर. आजच्या कार्यक्रमांत असतं ते सगळं तिथं होतं. फरक इतकाच की तिथं एकाच्या जाण्यावर दुसऱ्याचं राहणं अवलंबून नव्हतं. म्हणून एकाकडे होतं ते त्याला सगळ्यांना देता आलं.

अर्थात ती माणसं थोर होती आणि टीव्हीवरची साधी आहेत, असं कुणी म्हणेल. मला ते पुरेसं वाटत नाही. जागेचा नियम माणसाच्या आतलं काहीतरी वर आणतो आणि काहीतरी दाबतो. ‘बिग बॉस’च्या घरात गेलेल्या मुलामुलींच्यात उदारपणा नसतो असं मी मानत नाही. कुणी आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसणारे तिथंही दिसले आहेत. पण त्या रात्रीनंतर कुणाला बाहेर काढायचं ते सांगायचा दिवस येतोच, आणि ज्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या त्याचंच नाव घ्यावं लागतं. माणसाच्या चांगुलपणाला शिक्षा होईल अशी रचना आपणच करायची आणि मग माणूस मुळात स्वार्थीच असतो असं म्हणत चहा प्यायचा, हा त्या स्पर्धकांवरही अन्याय आहे आणि आपल्यावरही.

प्रेक्षकांना मात्र मी दोष देणार नाही. ६ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मराठी ‘बिग बॉस’च्या पाचव्या पर्वाचा निकाल लागला. सूत्रसंचालक रितेश देशमुख यांनी सूरज चव्हाणचा हात उंचावला. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा, लहानपणीच आईबाप गमावलेला, गरिबीत वाढलेला मुलगा. ‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता अभिजीत सावंत उपविजेता ठरला. सूरजला बोलण्याचे डावपेच फारसे जमत नव्हते आणि लोकांना ते दिसत होतं. तरी मतं त्याला पडली. त्यावरही पुष्कळ टीका झाली, सहानुभूतीची लाट म्हणून ती मतं मोडीत काढली गेली. मी त्यांचा अर्थ वेगळा लावतो. त्या घरात येण्याआधीच जो जगण्याच्या परीक्षेतून पार पडला होता, त्याला लोकांनी ओळखलं. खेळाच्या मोजपट्टीनं मोजायला सांगितलं असताना त्यांनी आपली स्वतःची मोजपट्टी वापरली. इतक्या वर्षांच्या शिकवणीनंतरही ती शाबूत आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

महाभारतात वनवासाच्या शेवटी एक तळं येतं. पाण्यासाठी गेलेले चार भाऊ त्याच्या काठी निश्चेष्ट पडलेले, आणि यक्षाच्या प्रश्नांची उत्तरं दिलेला धर्मराज एकटा उभा. यक्ष म्हणतो, यांपैकी एकाला उठवतो, नाव सांग. युद्ध तोंडावर आलेलं, भीम आणि अर्जुनावाचून ते जिंकणं अशक्य. धर्मराज नकुलाचं नाव घेतो. कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक राहू दे, एवढंच त्याचं कारण. त्या एका उत्तरानं यक्ष प्रसन्न होतो आणि चौघेही उठतात. एकाचंच नाव घेण्याची सक्ती त्याही परीक्षेत होती. पण परीक्षा घेणाऱ्याला जे बघायचं होतं ते वेगळं होतं, आणि ते दिसताच त्यानं आपला नियमही बाजूला ठेवला.

कार्यक्रम करणाऱ्यांना माझं सांगणं आहे ते याच बळावर. हे कार्यक्रम बंद करा, असं मी म्हणत नाही. लोकांना परीक्षा बघायची आहे, ती दाखवा. नामवंतांना आमच्या मे महिन्यात आणा, रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घड वाहू द्या. पण कसोटी अशी ठेवा की सगळे पोहोचले तरच सगळे जिंकले. जो मागे पडेल त्याला बरोबर कसं आणायचं, यात बुद्धी, ताकद, विनोद, राग, लबाडी, माया सगळं पणाला लागतं. त्यात नाट्य कमी पडेल ही भीती ज्यांना वाटते त्यांनी माणसाला अजून नीट पाहिलेलं नाही. कुणाला ढकलण्यापेक्षा कुणाला सोबत नेणं कितीतरी अवघड असतं, आणि अवघड असतं तेच बघायला माणसं थांबतात. दुष्काळ पाहिलेल्या या मुलखातले प्रेक्षक तो कार्यक्रम शेवटपर्यंत बघतील, याची मला खात्री आहे.