शहात्तर कीं सत्त्याहत्तर?

आमच्या धाकट्या बंधूंचा एक लहानसा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचें छप्पर, दोन लेथ आणि एक जुनें मिलिंग यंत्र. गेल्या पावसाळ्यांत त्या यंत्राचें नियंत्रण बंद पडलें. लोखंड धडधाकट, पण मेंदू गेला! नव्या नियंत्रणाची किंमत ऐकून बंधूंनीं यंत्र भंगारांत काढण्याची गोष्ट काढली. तीन कामगारांचीं पोटें त्या यंत्रावर; कांहीं दिवस आमच्या घरीं जेवतांना कोणी फारसें बोलेना.

अखेर आमचा पुतण्या धीर करून म्हणाला, "काका, तुम्ही बाबांना सांगा. मला एक महिना द्या. आपण लिनक्ससीएनसी बसवूं." ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिचें मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें १९९० च्या दशकांत रचलेलें. ती साध्या संगणकावर चालते. मात्र त्या संगणकास सेकंदास हजार वेळां, न चुकतां, यंत्राची विचारपूस करतां आली पाहिजे. तें त्यास जमतें कीं नाहीं याची परीक्षा घेतांना संगणकावर मुद्दाम कामाचा भार टाकावयाचा असतो. पडद्यावरील खिडक्या इकडेतिकडे ओढणें व गाणीं लावणें, हें काम आमच्याकडे आलें. तें आम्हीं निष्ठेनें केलें.

पण मोटारी पायरीपायरीनें फिरविणारे ठोके याहूनही बारीक कालमानाचे. ते साध्या संगणकास एका मर्यादेपर्यंतच झेपतात. त्यापुढें एफपीजीए नांवाची चीप उपयोगी पडते. ही चीप १९८५ सालीं झायलिंक्स कंपनीनें प्रथम बाजारांत आणली, तेव्हां तिच्यांत तर्काचीं घरें अवघीं ६४ होतीं. हीं घरें कोरींच असतात. कोणतें कोणास जोडावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. गंमत अशी कीं, वीज गेली म्हणजे ही चीप सर्व कांहीं विसरते, आणि वीज आली म्हणजे शेजारच्या फ्लॅश स्मृतींतून आपला पाठ श्रीगणेशापासून पुन्हां घेते. तो पाठ बदलणें म्हणजेच फर्मवेअर 'फ्लॅश' करणें.

पुतण्यानें मेसा कंपनीचें ७आय९२ हें कार्ड मागविलें होतें. त्यास जोडावयाचें कार्ड ७आय७६. त्याचें एक भावंड आहे ७आय७७. तें सर्व्हो जातीच्या मोटारींसाठीं. दोहोंचे पाठ अर्थातच वेगळे. एका रविवारीं दिवाणखान्यांतील टेबलावर हा विधि मांडला. पुतण्या टंकीत होता, आम्ही कागदावरून वाचून दाखवीत होतों. आम्ही म्हणालों, "शहात्तर." त्यानें टंकिलें सत्त्याहत्तर. कार्डानें तें निमूटपणें स्वीकारलें.

वीज बंद करून चालू केली आणि कार्डास त्याच्याजवळ काय काय आहे तें विचारलें. यादींत ठोके निर्माण करणारे विभाग एकही नव्हते! पोराचा चेहरा उतरला. दाराशीं बंधू उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत, तेंच अधिक लागलें. अर्ध्या तासानें चूक सांपडली. "काका, शहात्तर म्हणजे सेव्हंटी-सेव्हन ना?" त्यास इंग्रजी माध्यमांत घालावें हा आग्रह आमचाच होता. सन २०१९ मध्यें बालभारतीनें दुसरीच्या पुस्तकांत 'सत्तर सात' असें म्हणावयाची सोय केली, तेव्हां आम्हीं वृत्तपत्रास निषेधाचें पत्रही धाडलें होतें. त्या पत्राची आठवण त्या घटकेस बरी वाटली नाहीं.

दुसऱ्यानें लिहावयास आरंभ केला आणि पाठ अर्धामुर्धा उतरला असतांनाच वीज गेली. यूपीएस आणावयाचा तो आम्हीं 'उद्यां पाहूं' म्हणून राहिलेला. आतां कार्ड कायमचें मुकें झालें, अशीच आमची समजूत झाली. अंधारांत पुतण्याच आम्हांस धीर देऊं लागला. त्या स्मृतींत पाठाच्या दोन प्रती असतात म्हणे. आपण लिहितों ती एक. दुसरी राखीव, तिला नेहमींचें लेखन शिवत नाहीं. पहिली प्रत बिघडलेली आढळली, तर चीप राखीव प्रतीवरून जागी होते.

चाळीस मिनिटांनीं दिवे आले. १९२.१६८.१.१२१ या पत्त्यावर हांक मारतांच कार्डानें ओ दिली! तिसऱ्या खेपेस आम्हीं एकेक अंक सुटा वाचला: सात, आय, सात, सहा. यादींत पांचही विभाग उमटले.

गुरुवारीं कारखान्यांत टेबल हललें. मात्र उजवीकडे जावयाचें तें डावीकडे गेलें. हा दोष एका उणे चिन्हाचा निघाला. पुतण्यानें तो तेथेंच दुरुस्त केला. बंधूंनीं टेबल दोन वेळां पुढेंमागें नेऊन पाहिलें, कामगारांस उद्यां लवकर यावयास सांगितलें, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "दादा, यापुढें कागद त्यालाच वाचूं द्या."