वाड्याच्या भिंतीत काय होतं



लग्न होऊन करकंबच्या वाड्यात आले तेव्हा सगळ्यात आधी नजरेत भरली ती भिंत. खिडकीत मांडी घालून धान्य निवडत बसावं, एवढी रुंद. खाली घडीव काळा दगड, वर पांढरी माती. मधे चौक, भोवती सोपे, डोक्यावर माळवद. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी भर दुपारी सोप्यात पंख्याशिवाय डोळा लागायचा. चौकातून उजेडही भरपूर, त्यामुळे संध्याकाळची जेवणं दिवस मावळायच्या आत निवांत व्हायची.

माळवद म्हणजे काय, हे हल्लीच्या सुनांना सांगावं लागतं. लाकडी तुळया, त्यांवर कड्या, वर फळकुटं, मग कडुलिंबाचा पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून पावसाआधी खारी माती चढवायची. चातुर्मासात वर गवत उगवायचं, त्यावर पाय पडू नये म्हणून सासूबाई हे काम ज्येष्ठातच उरकून घेत.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माझा उपवास होता. पहाटे चारच्या सुमारास फडताळातली भांडी वाजायला लागली. सासूबाई णमोकार म्हणत मुलांना घेऊन चौकात आल्या. आमच्याकडे माळवदाची थोडी माती झडली, तेवढ्यावर निभावलं. उजाडल्यावर किल्लारीचं कळलं. हजारो माणसं झोपेतच आपल्या घराच्या दगडमातीखाली गेली होती. त्या दिवशी पारण्याचा घास घशाखाली उतरला नाही. तीही घरं आमच्यासारखीच होती.

तरीही आम्ही विसरलो. गेल्या वर्षी मागची भिंत पोटात फुगलेली दिसली. मुलगा म्हणाला, "आई, पाडू सगळं आणि स्लॅब टाकू." मी आठ दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

शेवटी गवंड्याने भिंत थोडी उकलून दाखवली. आत एक थर दगडाचा, बाहेर एक थर, आणि मधे नुसती माती नि खडी. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड कुठेच नव्हता. वर माळवदाचा थर दीड फूट. मी बी.कॉम., हिशेब मांडला. दहा बाय बाराच्या एका खोलीवर जवळजवळ आठ टन माती! दर वर्षी नवी चढवली, जुनी कुणी उतरवली नाही. नुसती जमाच होत गेली.

त्या माळवदाखाली माझी नात झोपत होती. मी ज्याला वाड्याची माया म्हणत होते, तो परिग्रहच होता. मुंगी वाचवायला जपणारी मी, घरातल्या माणसांच्या डोक्यावरचा भार पाहत नव्हते.

वाडा पाडला नाही. थंडीत, पाऊसकिड्यांचे दिवस टाळून, माती हळूहळू उतरवली आणि पत्रा घातला. मागची भिंत त्याच दगडांची, पण आरपार दगड घालून सिमेंटमध्ये बांधली. पत्रा तापतो, पूर्वीचा गारवा नाही, हे खरं. पण आता रात्री झोप लागते.

तुमचं घर जुनं दगडामातीचं असेल, तर भिंत फुगली आहे का आणि माळवदावर माती किती साठली आहे, एवढं तरी जाणकाराला दाखवा. पावसाळ्याची वाट पाहू नका.

जय जिनेंद्र.