कोबोलचा काटा

‘तू अजून कोबोलवर आहेस?’ पुण्यात हा प्रश्न आला की पाठोपाठ एक ‘अरेरे’ येतंच. मान्य, भाषा १९५९ची आहे. पण एप्रिल २०२०मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा हेच मित्र मला ती बातमी फॉरवर्ड करत होते!

खरा प्रॉब्लेम भाषेच्या वयाचा नाहीच, भीतीचा आहे. आमच्या क्लायंटचा व्याजाचा प्रोग्रॅम लिहिणारे कधीच रिटायर झालेत. त्यातली एक ओळ बदलायलाही कुणी धजत नाही. म्हणून, गावी बार्शीटाकळीला वर्क फ्रॉम होम करत असताना, त्याच्यासाठी युनिट टेस्टचा प्रोजेक्ट उभा करायचं मी ठरवलं.

बाबांना समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, ‘हे तं काट्यासारखंच झालं. कापूस टाकाच्या आंधी माहीत असलेलं वजन ठेवून पाह्याचं. काटा बरोबर असन तं मंग माल.’ इतकी सोपी व्याख्या मला ट्रेनिंगमध्येही कुणी दिली नव्हती.

ऑफिसची परवानगी काढून लॅपटॉपवर जीएनयू-कोबोल हा फुकट कंपायलर आणि ‘कोबोल चेक’ हे टूल टाकलं. जुन्या कोबोलमध्ये सगळे व्हेरिएबल्स अख्ख्या प्रोग्रॅमला सामायिक, त्यामुळे एक तुकडा वेगळा काढून तपासणं अवघड. कोबोल चेक मूळ प्रोग्रॅमला हात न लावता त्याच्या कॉपीत टेस्ट घुसवतं. आपण आकडे भरायचे, हवा तो पॅराग्राफ चालवायचा आणि उत्तर ताडून बघायचं. फाइल वाचणं वगैरे भाग खोटे उभे करता येतात.

पहिल्याच टेस्टने गंमत केली. हिशेबाने व्याज येतं १२.५६७, प्रोग्रॅम म्हणतो १२.५६. कारण ‘राउंडेड’ असं लिहिलं नसेल, तर कोबोल जादाचे आकडे सरळ छाटून टाकतं. टीममधून लगेच फर्मान आलं, ‘दुरुस्त कर!’ मी साफ नकार दिला. इतक्या वर्षांची खाती याच छाटलेल्या पैशांवर जुळलेली आहेत. टेस्टमध्ये १२.५६च लिहिलं आणि ‘हे असंच हवंय का?’ हा प्रश्न क्लायंटकडे पाठवला.

जुन्या कोडशी मैत्री करायची, तर तो काय करायला हवा होता हे नंतर. आज काय करतो ते आधी लिहून ठेवा. परवा टीममधल्या नव्या मुलाने त्याच प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली. टेस्ट चालवल्या, सगळ्या पास. आणि तो निवांत जेवायला गेला.