तिघांची सायकल, एकाचं पेडल

कुठलं पेडल बसवायचं हे त्या दुकानदाराने आधी नवऱ्याला विचारलं, मग मुलाला विचारलं आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम के लिए आगे बास्केट लगा दूँ?" याला आता बरेच दिवस झाले. तरी मेथी निवडताना मध्येच ते वाक्य आठवतं आणि डोकं फिरतं. त्या सायकलवर घरात सगळ्यात जास्त बसते मी.

आम्ही ओमानमध्ये, वादी कबीरला राहतो. गॅरेजं, फर्निचरची दुकानं, जुन्या गाड्यांचा शुक्रवारचा बाजार, इंडियन स्कूल आणि या सगळ्याच्या डोक्यावर गवताचं पातंही नसलेले काळपट डोंगर. भाड्याचा फ्लॅट, अरुंद लिफ्ट. बाल्कनीत कपडे वाळत घालायची दांडी, गॅस सिलिंडर आणि एक सायकल एवढंच मावतं. देश सोडून परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून नवऱ्याने माउंटन बाइक घेतली. ॲल्युमिनियमची, पुढे शॉकॲबसॉर्बर, एकोणतीस इंची चाकं. नवरा शुक्रवारी नेतो. मुलगा मित्र मोकळे असतील तेव्हा नेतो. मी शाळेची बस गेली की निघते आणि ऊन तापायच्या आत परत येते. सीटच्या दांडीवर नेलपॉलिशच्या तीन खुणा आहेत, प्रत्येकाने आपल्या खुणेवर सीट आणायची. हे भांडण न होता मिटलं होतं, म्हणून वाटलं होतं की बाकीचंही मिटेल.

सायकलला मुळात क्लिपची पेडलं होती, शिमानोची एसपीडी. बिस्किटाएवढा लोखंडी तुकडा. बुटाच्या तळव्यात दोन स्क्रूंनी एक पत्रा बसवायचा, क्लीट म्हणतात त्याला. तो पेडलमध्ये दाबला की 'खट्' होऊन पाय अडकतो, आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. नवऱ्याने लगेच तसले बूट घेतले. तेव्हापासून जेवताना इतिहासही सुरू झाला. बर्फावरच्या स्कीची बूट अडकवायची युक्ती फ्रान्सच्या लूक कंपनीने 1984 मध्ये सायकलला आणली, 1985 ला बर्नार इनो ती पेडलं वापरून टूर द फ्रान्स जिंकला, मग 1990 मध्ये शिमानोने क्लीट बुटाच्या तळव्यात खोल बसवली, म्हणून माउंटन बाइकवाल्याला उतरून चालताही येऊ लागलं. हे सगळं खरं आहे. नवऱ्याला ही हौस लागली ती टूर ऑफ ओमानमुळे. 2010 पासूनची ही शर्यत, फेब्रुवारीत असते. तिचा शेवटचा टप्पा पूर्वी बहुतेकदा समुद्राकाठच्या मत्रा कॉर्निशवर संपायचा, तेव्हा आमच्या भागातल्या चढांवरून ती रंगीबेरंगी माणसं सूं करून जायची. क्रिस फ्रूम 2013 आणि 2014 अशी लागोपाठ दोन वर्षं इथे जिंकला. त्याच्या पायात क्लिप होती म्हणून आमच्या घरात क्लिप.

माझ्या पायात मात्र चालायचे साधे स्पोर्ट्स शूज. असल्या उघड्या एसपीडीवर मऊ तळव्याचा बूट ठरतच नाही. वादी कबीरहून अल बुस्तानला जाताना डोंगर चढून पलीकडे उतरावं लागतं. खाली गोल चौकात 'सोहार' हे जहाज उभं करून ठेवलंय. टिम सेव्हरिन नावाचा दर्यावर्दी 1980-81 मध्ये ते ओमानहून चीनपर्यंत घेऊन गेला. एकही खिळा न मारता फळ्या काथ्याने शिवल्यात. त्या उतारावर मी पेडलवर उभी असताना उजवा पाय सटकला, पेडल गरकन फिरून पोटरीवर आदळलं. पडले नाही. दोन्ही ब्रेक दाबून कडेला थांबले, थरथर कमी झाली तशी चालत खाली उतरले. पोटरी आठवडाभर जांभळी.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "तुला अजून जमत नाही."

पुढच्याच शुक्रवारी रुवीच्या सिग्नलला हे महाशय थांबले. सायकल थांबली, पाय काही सुटेना. बसची वाट बघत उभ्या असलेल्या मजुरांच्या रांगेसमोर ते अख्ख्या सायकलसकट, अगदी सावकाश, डावीकडे आडवे झाले. दोघांनी धावत येऊन उचललं. कोपर सोललं, गुडघा सोलला. घरी आल्यावर मी डेटॉल लावत होते तेव्हा काय ऐकलं? "क्लिप शिकताना प्रत्येक जण एकदा पडतोच. स्प्रिंगचा ताण जास्त होता."

म्हणजे तो आडवा झाला तर दोष स्प्रिंगचा, आणि माझा नुसता पाय सटकला तर दोष माझा! मला राग पडण्याचा नाहीच. रस्ता तोच, सायकल तीच, मग हिशेब दोन कसे? मी सांगलीत गावभागातून विलिंग्डन कॉलेजपर्यंत लेडीबर्डवर जायचे. ट्रकच्या गर्दीतून, पावसात, मागे कॅरिअरला मैत्रीण बसवून. तेव्हा कुणी म्हणालं नाही, तुला जमत नाही. हे मी त्याला त्या रात्री सांगितलं, नंतरही सांगितलं, आणि आता लिहूनही काढते आहे. चिरंजीव तेवढ्यात म्हणाले, "आई, तू बाबांचे बूट घाल ना." बेचाळीस नंबरचे बूट! माझा पाय एकोणचाळीसचा.

म्हणून त्या दुकानात गेलो. आणि तिथे ते बास्केट.

दुकानदाराने दिलं ते दोन तोंडांचं पेडल. एका बाजूला क्लिप, दुसरी बाजू सपाट. "सब के लिए चलेगा, सर." सर खूश झाले. कागदावर हा तोडगा छानच आहे आणि मत्रा कॉर्निशवर तो चालतोही. सपाट रस्ता, समुद्राचा वारा, एकदा पाय ठेवला की अर्धा तास उचलायचा नाही. असं फिरणाऱ्या घरांनी जरूर घ्यावं. पण आमचा रस्ता चढाचा, आणि त्यापलीकडे वादीतल्या, म्हणजे कोरड्या नदीपात्रातल्या, गोट्यांचा. चढावर थांबून परत निघायचं म्हणजे एका पेडलवर जोर देऊन दुसरा पाय अर्ध्या सेकंदात टाकायचा असतो. नेमकी तेव्हा नको ती बाजू वर. मला क्लिप मिळायची, नवऱ्याला सपाट. खाली बघून पेडल पायाने उलटवायचं, तोवर सायकल डगमगून दगडात. शिवाय सपाट म्हणायची ती बाजूही गुळगुळीत. एकाच वेळी दोन माणसांना अडचण करणारी वस्तू मी त्याआधी पाहिली नव्हती.

मग मी शिकवणीच्या पैशांतून स्वतः पेडल घ्यायचं ठरवलं आणि एकटीच निघाले. हमरियाच्या गल्लीत एक बंगाली उस्ताद पंक्चर काढतो. त्याच्या डब्यात नवी-जुनी पेडलं असतात. त्याने मला बास्केटबद्दल विचारलं नाही. विचारलं, "चलाता कौन है?"

"तीन लोग."

"तो सबसे खराब जूता किसका है?"

मुलाचा. तो रबरी चपलेत सायकल काढतो, कितीही ओरडा. उस्ताद म्हणाला, मग पेडल त्याच्या हिशेबाने घ्या, बाकीचे जमवून घेतील. इतकं शहाणपणाचं बोलणं त्या चकचकीत दुकानात कुणी केलं नव्हतं. त्याने नायलॉनची रुंद सपाट पेडलं दिली, दोन्ही बाजूंना स्टीलच्या बारीक पिना असलेली. नायलॉन हलकं, दगडावर आपटलं तर ओरखडा पडतो पण वाकत नाही, आणि ॲल्युमिनियमपेक्षा स्वस्त. पिना तळव्यात रुततात म्हणून पाय हलत नाही. उतारावर टाच खाली ठेवली की आणखी घट्ट. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली नाही ती मी सांगते. पिनांइतकाच बूट महत्त्वाचा. धावायच्या बुटाचा तळवा मऊ असतो, तो पेडलभोवती वाकतो आणि पायाची कमान दुखायला लागते. सपाट, जरा कडक रबराचा कॅनव्हासही त्यापेक्षा बरा. घरातल्या सगळ्यांना सायकलचे बूट घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी.

पहिल्याच आठवड्यात त्या पिना माझ्या नडगीवर उमटल्या. थांबताना पेडल उलटं फिरलं आणि चार ठिपके, ओळीने. एसपीडीने पोटरी नुसती काळीनिळी केली होती, रक्त काढलं ते मी हट्टाने आणलेल्या पेडलने. नवरा काही बोलला नाही. डेटॉलची बाटली मात्र त्याने जरा जास्तच तत्परतेने आणली.

पण त्याची शुक्रवारची क्लिप गेली ना. मग तोडगा निघाला पेडल बदलायचा. गुरुवारी रात्री एसपीडी, शनिवारी रात्री सपाट. ऐकायला पाच मिनिटांचं काम. पंधराचा पाना लागतो, काही पेडलांना आतून आठची ॲलन की. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता ते आपोआप सैल होऊन गळून पडेल. विमानवाले राइट बंधू मुळात सायकलवाले, 1900 च्या सुमारास त्यांनीही आपल्या सायकलींना अशीच उलट आट्यांची डावी पेडलं बसवायला सुरुवात केली. डावं-उजवं लक्षात ठेवायची गरज नाही: पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्हीकडची पेडलं घट्ट होतात, मागच्या चाकाकडे ओढला की सुटतात. आटे स्वच्छ पुसायचे, थोडं ग्रीस, आणि पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच द्यायचे. पेडलचा दांडा स्टीलचा, क्रँक ॲल्युमिनियमची. तिरकं घुसवून पान्याने जोर लावला तर दांड्याचं काही बिघडत नाही, क्रँक जाते. आणि पेडलची जाडी बदलली की सीटही दोन-चार मिलिमीटर वर-खाली करावी लागते, हे नेलपॉलिशच्या खुणांना कुठे माहीत?

हे सगळं घरात कोण शिकलं? मी. त्यामुळे गुरुवारी रात्री इस्त्रीच्या ढिगाशेजारी वर्तमानपत्र अंथरून ग्रीसने काळे झालेले हात कुणाचे असायचे, हे सांगायला नको. "तुझ्याकडून ते नीट बसतं," असं कौतुकही मिळायचं. पोळ्यांबद्दलही असंच कौतुक मिळतं.

माझं मत विचाराल तर एका सायकलवर दोघांहून जास्त माणसं असतील त्या घराने क्लिपच्या वाटेला जाऊ नये. क्लिपमुळे पाय वर ओढताना जोर मिळतो असं नवरा सांगतो, पण जोर मुख्यतः खाली दाबतानाच लागतो. क्लिपचा खरा उपयोग खडबडीत वाटेवर पाय उडत नाही हा, आणि तो चांगल्या पिनांनी बराचसा भागतो. त्यात इथल्या धुळीने स्प्रिंग अडकते, खाऱ्या हवेत क्लीटला गंज चढतो, लिफ्टसमोरच्या फरशीवर ते बूट घसरतात. वॉचमन त्या टकटकीला वैतागलाय.

असं मी सगळ्यांना सांगत होते. मग सुट्टीत भारतात जाऊन येताना बहिणीने विचारलं, काय हवंय, आणि माझ्या तोंडून निघालं, एकोणचाळीस नंबरचे एसपीडी बूट. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बघायचं होतं एवढंच. क्लीट घेतली ती एसएच 56, टाच कुठल्याही बाजूला हिसकली तरी सुटणारी. स्प्रिंग सगळ्यात सैल केली, स्क्रू उलटा फिरवत फिरवत. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भिंतीला धरून अडकव-सोड केलं, आणि एका पहाटे अल बुस्तानचा चढ घेतला. उतारावर जिथे पाय सटकला होता तिथे उभी राहून आले. पाय जागचा हलला नाही. मजा आली, खोटं कशाला बोलू.

आता नवऱ्याला सपाट पेडलं आवडायला लागलीत. म्हणतो, सिग्नलला बरं पडतं. चिरंजीव उड्या मारतात, त्यांनाही सपाटच हवीत. त्यामुळे पेडलं बदलायची ती आता माझ्यासाठी, आणि पाना ज्याला हवा त्याने काढायचा असा नियम नवऱ्याने केला आहे. एवढी वर्षं हा नियम कुठे होता, असं मी विचारलं. उत्तर आलेलं नाही.