‘इतर’ या रकान्यात

माझी पहिली नोकरी इंदूरमधल्या एका छोट्या सर्व्हे कंपनीत होती. स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केल्यावर मी बँकेत तरी जाईन किंवा कॉलेजात शिकवेन, असं घरी सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आजीने एकदा विचारलं, “तू तिथे नेमकं करतेस काय?” मी म्हटलं, “लोकांना प्रश्न विचारतो आणि उत्तरं मोजतो.” “मग सरळ जनगणना म्हण ना,” असं म्हणून आजीने विषय संपवला.

2023 मध्ये आमच्याकडे हायब्रिड गाड्यांविषयीच्या सर्व्हेचं काम आलं. हायब्रिडबद्दल मध्यमवर्गीय कुटुंबांना काय वाटतं, घ्याविशी वाटते का, वाटत असेल तर कशासाठी आणि नसेल तर कशामुळे, एवढंच शोधायचं होतं. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर आदल्याच वर्षी बाजारात आल्या होत्या. भारतात हायब्रिड 2008 मध्येही आली होती, होंडा सिविकच्या रूपात, पण तिची किंमत एकवीस लाखांच्या वर. आमच्यासारख्या घरांमध्ये हायब्रिडची चर्चा सुरू झाली ती 2022 नंतरच.

प्रश्नावली लोकांसमोर नेण्याआधी चार जणांवर तपासून बघतात. मी टॅब्लेट घरीच आणला. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते आणि बारा वर्षं जुनी गाडी बदलायचं त्यांच्या मनात होतं, त्यामुळे ते उत्साहाने बसले. ‘हायब्रिड घ्यावीशी वाटण्याचं सर्वांत महत्त्वाचं कारण?’ बाबांनी क्षणात बोट ठेवलं: मायलेज. शेजारचे काका आले होते, त्यांनीही उत्तरं दिली. ‘न घेण्याचं कारण?’ त्यांचं उत्तर: चार्जिंगची सोय नाही.

मग आई बसली. चौथाच प्रश्न होता, ‘घरातल्या गाडीच्या खरेदीचा निर्णय मुख्यतः कोण घेतं?’ आई म्हणाली, “हेच घेतात.” मी तसं नोंदवलं आणि पडद्यावर आलं, ‘आपल्या वेळेबद्दल धन्यवाद.’ फॉर्म बंद. “झालं इतक्यात?” असं म्हणत आई उठली आणि कुकर बघायला गेली. आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

महिन्याभराने खरी उत्तरं आली. टक्केवारी इथे देत नाही, कारण ते आकडे पैसे देणाऱ्या कंपनीच्या मालकीचे आहेत. पण पहिला आलेख अगदी बाबांसारखाच बोलत होता. हायब्रिड हवी म्हणणाऱ्यांत मायलेजचा खांब सर्वांत उंच होता आणि बाकीचे त्याच्या पायाशी. मॅडम खूश झाल्या. अहवालाचं पहिलं पान तयार झालं होतं.

त्याच प्रश्नावलीत पुढे एक साधा प्रश्न होता: गाडी महिन्याला किती किलोमीटर चालते? मी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघितली. मायलेजसाठी हायब्रिड हवी म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गाडी फारच कमी चालत होती. शनिवार-रविवारी बाहेर, अधूनमधून उज्जैन, वर्षातून एकदा नाशिक-पुण्याचे नातेवाईक.

आता हिशेब करून बघा. समजा, साधी पेट्रोल गाडी लिटरला 15 किलोमीटर जाते आणि हायब्रिड 22. पेट्रोल 106 रुपये धरू. महिन्याला 500 किलोमीटर चालवलीत तर साधी गाडी सुमारे 33 लिटर पेट्रोल खाईल, हायब्रिड जवळजवळ 23. वाचले साधारण 1,100 रुपये, म्हणजे वर्षाला साडेतेरा हजारांच्या आसपास. हायब्रिडसाठी अडीच लाख जास्त मोजले असतील, तर ते भरून निघायला अठरा वर्षं लागतील. तीच गाडी महिन्याला 1,500 किलोमीटर चालली, तर सहा वर्षांत हिशेब जुळतो. म्हणजे मायलेज हे कारण दुसऱ्याच्या बाबतीत पैशाचं आहे. पहिल्याच्या बाबतीत ते आणखी कशाचं तरी आहे.

मला वाटलं, लोक आपल्याला फसवत आहेत. मग वाचायला लागले आणि कळलं की हा अनुभव जुना आहे. टोयोटाची प्रियस जपानमध्ये 1997 मध्ये आली आणि पुढे अमेरिकेत खूप गाजली. 2007 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तिथल्या एका सर्व्हेची बातमी दिली होती. प्रियस घेणाऱ्यांपैकी 57 टक्के लोकांनी मुख्य कारण सांगितलं ते असं, की ही गाडी माझ्याविषयी काही सांगते. मायलेज हे कारण त्याच्या बरंच मागे होतं. प्रियसचा आकार लांबूनच ओळखू येई. होंडा सिविकची हायब्रिड मात्र साध्या सिविकसारखीच दिसायची.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी 57 कुटुंबांच्या घरी जाऊन त्यांच्या सगळ्या गाड्यांचा इतिहास ऐकला. (तो 57 टक्के, हा 57 घरं. आकडा सारखा दिसला तरी अर्थ किती वेगळा, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.) गाडी घेताना पेट्रोलच्या खर्चाचा पद्धतशीर हिशेब मांडणारं एकही कुटुंब त्यांना सापडलं नाही. लोक मायलेज म्हणत होते, पण कागदावर कुणी आकडे मांडले नव्हते. मायलेजची काळजी करणं हे शहाणपणाचं लक्षण वाटतं, म्हणून तो शब्द तोंडावर पटकन येतो.

हे आपल्या इंदूरकरांना समजावून सांगायला नको. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून सलग सात वेळा आपला पहिला नंबर आला आणि त्यात नागरिकांचं मतही धरलं जातं. ‘कचरागाडी रोज येते का?’ असा फोन आला की आपण खुर्चीत सरळ बसून उत्तर देतो. गाडी खरंच रोज येते, प्रश्न तो नाही. पण कुणी अनोळखी माणूस अधिकृत आवाजात विचारू लागला की आपण आपल्यातला शहाणा, हिशेबी, शोभून दिसणारा माणूस पुढे करतो. हे खोटं बोलणं नाही. पाहुणे आले की आपण नाही का बैठकीची खोली आवरत?

दुसरी गडबड मात्र आमची स्वतःचीच होती. ‘चार्जिंगची सोय नाही’ हे उत्तर काकांनी दिलं होतं आणि आता ते भरपूर लोकांनी दिलेलं दिसत होतं. मी गाड्यांची माहिती काढली आणि कपाळावर हात मारला. ज्यांना स्ट्राँग हायब्रिड म्हणतात, त्या गाड्यांना प्लग लावावाच लागत नाही. ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जमा होते, शिवाय इंजिनही बॅटरी भरतं. शहरातल्या गर्दीत, कमी वेगाला गाडी बराच वेळ नुसत्या मोटरवर चालते, म्हणून तिथे फायदा जास्त. मोकळ्या हायवेवर तो कमी होतो. माइल्ड हायब्रिड आणखी वेगळी. तिच्यातली छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. तिलाही प्लग नाही.

मग आमच्या यादीत चार्जिंग आलं कुठून? कुणीतरी आदल्या वर्षीच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या प्रश्नावलीतून पर्याय जसेच्या तसे उचलले होते. लोकांनी ते वाचलं, ‘हो, ही अडचण असणारच’ असं त्यांना वाटलं आणि त्यांनी खूण केली. आम्हीच शंका पेरली आणि आम्हीच ती मोजून घेतली. ‘हायब्रिड म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगा’ हा प्रश्न पहिला असता, तर निम्मा घोळ टळला असता.

त्या रात्री मी ‘इतर’चा रकाना उघडला. पर्यायांत न बसणारी उत्तरं तिथे येतात. कामाला घाई असली की त्या सगळ्यांना ‘इतर’ असा एकच नंबर देऊन पुढे जायचं असतं, आणि मीही तसंच केलं होतं. आता एकेक वाचायला लागले. गावाकडे दुरुस्ती करणारा मिळेल का. बॅटरी गेली तर मुलगा पैसे देईल का, त्याला विचारवत नाही. जावयाकडे आहे म्हणून. आवाज नसेल तर अंगणातल्या नातवाला कळणार कसं. आणि एक उत्तर होतं, ‘आईला गुडघ्यामुळे चढायला जमेल का ते बघावं लागेल.’

ते वाचून मी थांबले. आमच्या घरात गाडी जास्तीत जास्त कोण वापरतं? आजीला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागायचं. बाबा गाडी चालवायचे, पण आजीला उचलून बसवणं, शेजारी धरून बसणं, घडीची व्हीलचेअर डिकीत घालणं आणि काढणं हे सगळं आईचं. गाडीविषयी सगळ्यांत जास्त माहिती असलेल्या बाईला आमच्या फॉर्मने चौथ्या प्रश्नाला बाहेर काढलं होतं. आणि मी हसले होते.

मी आकडे काढले. चौथ्या प्रश्नाला बाहेर पडलेल्यांत बहुतेक बायकाच होत्या. त्यांनी काय सांगितलं असतं हे शोधायला आता मार्ग नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच एक्सेलमध्ये नसतं.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं घेऊन मॅडमकडे गेले. पोटात गोळा होता, कारण नोकरीला जेमतेम आठ महिने झाले होते आणि अहवाल परवा द्यायचा होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चार्जिंगवाला खांब त्यांनी लगेच काढला आणि ती आमची चूक होती असं अहवालात लिहिलं, याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो. मायलेजचा आलेख पहिल्या पानावरच राहिला. “त्यांनी पैसे त्याच्यासाठी दिलेत,” मॅडम म्हणाल्या. किलोमीटरचा तक्ता मागच्या पानांत गेला. ‘इतर’मधली उत्तरं मी चार गटांत लावून दिली, ती अर्ध्या पानात बसली. चौथा प्रश्न पुढच्या फेरीत बदलला: ‘गाडीत सर्वांत जास्त कोण बसतं, आणि त्या व्यक्तीला काय हवं?’ मला सगळं मिळालं नाही. पण तो प्रश्न मिळाला.

घरी मात्र फेरी परत घेता येत होती. रविवारी मी आईला समोर बसवलं. या वेळी टॅब्लेट नाही, नुसता चहा. “आई, नवी गाडी कशी हवी?” ती म्हणाली, “मला गाडीतलं काय कळतं?” मग दोन मिनिटांनी, “सीट फार खाली नको. आणि फार वरही नको. आजींचा हात धरायला दाराला मूठ हवी. खुर्ची आडवी आत गेली पाहिजे, उभी ठेवली की सारखी आपटते.” बाबा पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. पंधरा मिनिटांत तिने असे सात-आठ मुद्दे सांगितले. त्यातला एकही आमच्या बत्तीस प्रश्नांत नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही व्हीलचेअर घेऊनच शोरूममध्ये गेलो. सेल्समनला वाटलं, कुणी आजारी आहे, तो पाणी घेऊन धावत आला. बाबांना आवडलेल्या हायब्रिडमध्ये बॅटरी मागच्या बाजूला असल्याने डिकी लहान झाली होती. खुर्ची आडवी गेली नाही. त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल मॉडेलमध्ये गेली. बाबांनी खुर्ची दोन-तीनदा फिरवून पाहिली, मग गप्पच झाले. हायब्रिडचं त्यांच्या मनात फार होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. घरी परतताना ते एवढंच म्हणाले, “तशीही आपली गाडी महिन्याला चारशे किलोमीटर चालते.”

आम्ही साधी पेट्रोल गाडी घेतली. ती हायब्रिडपेक्षा चांगली असं मी म्हणणार नाही. रोज ऑफिससाठी गर्दीतून पन्नास किलोमीटर जाणाऱ्या माझ्या मामेभावाला मी हायब्रिडच सुचवली आणि तो खूश आहे. आजी नव्या गाडीतून दीड वर्ष फिरली. शेवटच्या दिवाळीला खजराण्याच्या गणपतीलाही जाऊन आली.

गाडी आल्यावर महिन्याभराने कुठूनसा सर्व्हेचा फोन आला. बाबांनी स्पीकर चालू केला आणि माझ्याकडे बघून मिश्किल हसले. पलीकडचा मुलगा पाठ केलेलं बोलत होता. “सर, ही गाडी निवडण्याचं सर्वांत महत्त्वाचं कारण? किंमत, मायलेज, ब्रँड, सुरक्षितता की इतर?”

“किंमत,” बाबा म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “बाबा, किंमत कशी? खरं का नाही सांगितलंत?”

“अगं, बिचारा घाईत होता,” बाबा म्हणाले. “आईच्या खुर्चीची एवढी गोष्ट त्याला कुठे सांगत बसू?”