थंड राहणारी गाडी

प्रिय तुला,

तुझा निरोप मिळाला. पहिल्या ओळीत गाडीची चौकशी, मधे विनिपेगचं बर्फ, आणि माझी खुशाली अगदी शेवटी, तीही घाईघाईने! तुला ओळखते ना मी. कॉलेजातही हॉस्टेलला आलीस की आधी डब्यात काय आहे ते बघायचीस आणि मग मला विचारायचीस कशी आहेस म्हणून. असो. गाडी बरी आहे. मीही बरी आहे. घाटात काय झालं ते फोनवर तुला अर्धंच कळलं, कारण तू मधेमधे "मग? मग?" करत राहिलीस आणि मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली. म्हणून आज निवांत बसून लिहितेय. आई आत पडलीय, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि स्वयंपाकघरात आमरसाचा वास भरलाय. जळ थोडी.

जुनीच गाडी घ्यायची हे आमचं ठरलेलं होतं. नऊ वर्षांची, दोन हातांतून आलेली, पण दिसायला लख्ख. कागदपत्रं मी स्वतः बघितली. फॉर्म २९, फॉर्म ३०, चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर, सगळं जिथल्या तिथे. विकणारा फार गोड बोलायचा. त्याचं एक वाक्य तुला सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यातच आहे. "मॅडम, इंजिन इतकं थंड आहे की काटा वर जातच नाही." आणि खरंच जात नव्हता. कराडातल्या कराडात कितीही फिरवा, काटा आपला खाली, सी च्या अंगाला टेकलेला. घरी सगळे खूश. मला मात्र काहीतरी खटकत होतं. माघात पहाटे कोल्हापूरला निघालो, गारठा होता म्हणून हीटर लावला, तर निम्मा रस्ता संपेपर्यंत पायांवर गारच वारा. ॲव्हरेजही सांगितलं होतं त्याच्यापेक्षा कमी. किल्ली फिरवली रे फिरवली की पुढचा पंखा घोंघावायला लागायचा, इंजिन अजून गारठलेलं असतानाच. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा हे सगळं मी बोलले. तर तिथला मुलगा म्हणाला, "थंड राहतीय ना ताई, मग चांगलंच आहे की."

चैत्र संपता संपता आईला आणायला चिपळूणला गेले. परतताना मागे आंब्याच्या दोन पेट्या, कोकमं, फणसाची साटं, आईची पिशवी आणि त्या पिशवीत जगातलं सगळं. शिरगाव, पोफळी मागे पडलं आणि कुंभार्ली चढायला लागलो. दुपार, एसी चालू, पुढे लादलेला ट्रक, आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये त्याच्या मागे मागे. आणि कधी न हललेला तो काटा उठला. मध्यावर आला, मध्य ओलांडला, एच च्या दिशेने निघाला. मी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे तरी काय, डॅशबोर्डच्या आतला एक छोटा रेडिएटरच. इंजिनचं गरम पाणी त्याच्यातून फिरतं, म्हणजे तेवढी उष्णता इंजिनातून निघून आपल्या अंगावर येते. पण हे आईला कोण सांगणार! चैत्रातलं ऊन, कुंभार्लीचा चढ, आणि पायांवर भट्टीचा झोत. "अगो, वेड लागलं की काय तुला? माणसं मारतेस की गाडी वाचवतेस?" म्हटलं, "आई, दोन्ही वाचतील, पदराने वारा घे." जरा रुंद जागा दिसली तशी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला, इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती.

तुला सांगते, आपल्याकडे घाटात बॉनेट उघडलेली गाडी दिसली की माणसं थांबतातच. मला ते फार आवडतं. एक जण म्हणाला पाणी संपलं. दुसरा म्हणाला हेड गेलं, आता खर्चाला तयार राहा. टेंपोतून उतरलेल्या काकांनी शांतपणे सगळं बघितलं आणि विचारलं, "हळद आहे का?" रेडिएटर गळत असेल तर मूठभर हळद टाकायची, भोक बुजतं, असा त्यांचा अनुभव. आईचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! सकाळपासून पहिल्यांदा तिच्या पिशवीला कोणीतरी काम सांगितलं होतं. घरची, दळून आणलेली हळद तिने पुडीसकट बाहेर काढली. मी आडवी पडले नसते तर ती रेडिएटरला फोडणीच घालणार होती.

कोणीतरी झाकण उघडायलाही पुढे झालं. तिथे मात्र मी हात धरला. तू पाणी उकळायला ठेवतेस ते शंभर अंशाला उकळतं. गाडीतलं तसं नाही. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते, ती आत दाब धरून ठेवते. झाकणावर बघ, ०.९ नाहीतर १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. हवेच्या दाबावर एवढा दाब चढला की पाणी एकशेवीसच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. आणि तुम्ही झाकण फिरवलंत की तो दाब एका क्षणात जातो आणि आतलं सगळं तिथल्या तिथे वाफ होऊन तोंडावर येतं. चेहरे, हात, डोळे भाजलेली माणसं आहेत अशी. म्हणून थांबायचं. वरचा जाड होज पाइप हातात धरवेल इतका गार होईपर्यंत थांबायचं, दुसरा उपाय नाही.

आम्ही थांबलो. आणि अगं, काय सुंदर थांबलो! खाली सगळं कोकण धुरकट निळं, वारा सुटलेला, एक मुलगी पळसाच्या द्रोणातून करवंदं विकत होती. आईने तिच्याशी आधी भावाची घासाघीस केली आणि मग नात्यागोत्याची चौकशी करून जास्तीचे पैसे दिले. मला आपली ती एसटी आठवली. तू खिडकीतून डोकं बाहेर काढून गात होतीस आणि ड्रायव्हर कॅन घेऊन झऱ्यावर गेला होता. तेव्हा आपल्याला वाटायचं, गाडी तापली म्हणजे मजा. करवंदं खाताना तुझ्यावाचून फार चुकल्यासारखं वाटलं, हे खरं.

वर जायचं की खाली, हा प्रश्नच नव्हता. उतारावर इंजिनला ओढावं लागत नाही, तापायचं कारण उरत नाही. गार झाल्यावर जाड फडक्याने झाकण सोडलं, हळूहळू पाणी भरलं, गाडी वळवली आणि काट्यावर डोळा ठेवून परत चिपळूणकडे उतरलो. आईला तर आनंदच, लेक आणखी माहेरी राहिली.

आता या गोष्टीतल्या खऱ्या माणसाकडे येते. खेर्डीत एक मिस्त्री आहेत, साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. मी आधी त्यांना काट्याचं, गार हीटरचं, पंख्याचं सांगितलं. इतके दिवस कोणी न ऐकलेलं त्यांनी हातातलं काम ठेवून ऐकलं. मग म्हणाले, "ताई, ही थंड राहायची ना, तोच रोग." मला अगदी भरून आलं गं.

त्यांनी सगळ्यात आधी सीट उचलून गालिच्याखाली हात घातला. जुलै २०२१ च्या पुरात इथल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या, तेव्हापासून कुठलीही जुनी गाडी आली की ते आधी गाळ शोधतात. गाळ नव्हता. मग ऑइलचं झाकण उघडून बघितलं, आत दुधाळ साय धरली नव्हती. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते बघितलं, सायलेन्सरचा धूर बघितला. म्हणजे हेडचं पॅकिंग शाबूत. ते गेलं असतं तर हेड उतरवून लेथवर प्लेन करायला न्यावं लागलं असतं. मग रेडिएटर रिकामा केला. काय निघालं म्हणून सांगू! विटकरी, गंजाचं पाणी आणि तळाशी चिखलासारखा राब. मिस्त्रींनी बोटावर घेऊन चोळला, वास घेतला. "हळद." आई एवढं मोठं हसली. म्हणाली, "बघ, मी एकटी नाही."

हळदीने गळती थांबली असेलही चार दिवस, पण रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजल्या. त्यात कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी, त्याचा क्षार, त्याचा गंज. नळ्या बुजल्या तशी गाडी तापायला लागली असणार. मग कोणीतरी पंखा डायरेक्ट करून टाकला, म्हणजे किल्लीसरशी चालू, तापमान बघायचंच नाही. तरीही तापली, तेव्हा थर्मोस्टॅटच काढून फेकून दिला. एवढासा वाटोळा तुकडा तो, पण त्याचं काम बघ. इंजिन गार असताना तो बंद असतो, पाणी आतल्या आत फिरून लवकर गरम होतं. ब्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी अंशांच्या सुमारास तो उघडतो आणि मग पाणी रेडिएटरकडे जातं. इंजिनला नव्वदच्या आसपासची ऊब लागतेच, तिच्यावाचून पेट्रोल जास्त जातं आणि आतली झीज वाढते. तो काढला की सपाटीवर गाडी कायम गार, काटा खाली, विकणारा खूश, घेणारा खूश. बुजलेला रेडिएटर तसाच आत, घाटाची वाट बघत. शिवाय झाकणाचं रबर कडक होऊन तडकलेलं, दाब धरायलाच तयार नाही.

मला राग कशाचा आला सांगू? जाणूनबुजून फसवणाऱ्याचा येतोच. पण त्याहून जास्त त्या प्रत्येकाचा, ज्याने काटा खाली आणला आणि काम झालं असं मानलं. काट्याची तक्रार काट्यापाशीच संपवायची, हा आपल्या गॅरेजांमधला फार जुना रोग आहे. घाटात कुणाची लहान मुलं गाडीत असतील, कुणी आजारी माणसाला दवाखान्यात नेत असेल, याचा विचार त्या "डायरेक्ट करून देतो"मध्ये कुठे असतो?

मिस्त्रींनी रेडिएटर नवीन घातला, कारण ॲल्युमिनियमच्या या रेडिएटरांची प्लॅस्टिकची टाकी उघडून साफ करण्यात अर्थ नाही म्हणाले. थर्मोस्टॅट, झाकण, होजच्या क्लिपा नवीन, पंख्याची वायरिंग मुळासारखी. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. झाकण उघडं ठेवून, हीटर चालू ठेवून, आतली हवा बुडबुड करत निघून जाईपर्यंत इंजिन चालवलं. सांडलेलं लगेच पुसून, धुऊन काढलं, कारण ते चवीला गोड असतं आणि विषारी. गॅरेजात एक गाभण मांजर होती. तिला मिस्त्रींनी आधी आत कोंडली आणि मगच डबा उघडला. त्या क्षणी मी ठरवलं, गाडी यापुढे याच माणसाकडे.

आणि मला तू आठवलीस! तुझी गाडी रात्री भिंतीतल्या प्लगला वायर लावून झोपते, इंजिन गोठू नये म्हणून. तुझ्या आणि माझ्या रेडिएटरात एकच द्रव. निम्म्या निम्म्या मिश्रणात ते उणे सदतीसच्या आसपासपर्यंत गोठत नाही, आणि इकडे आमच्या घाटात उकळायलाही उशीर लावतं. एवढ्या लांब राहून आपली काळजी एकाच बाटलीतून भागते, हे मला फार गोड वाटलं. हसू नकोस.

आता गाडी सुरू केल्यावर काटा थोड्या वेळात मध्यावर येतो आणि तिथेच राहतो. कुंभार्ली पुन्हा चढले, आईला आणि आंब्यांना घेऊन, एसी लावून. जागचा हलला नाही.

तुझा भाऊ पुण्यात जुनी गाडी बघतोय म्हणालीस ना, त्याला माझं एवढं सांग. गाडी बघायला सकाळी जा, इंजिन गार असताना. गारच असताना झाकण उघडून आतला रंग बघ, गंजाचा असेल तर उठून ये. सुरू केल्यावर काटा मध्यापर्यंत चढलाच पाहिजे. पंखा आपणहून लागला आणि आपणहून थांबला पाहिजे. आणि पैसे देण्याआधी एक घाट चढवून बघ, कात्रजचा जुना घाटही चालेल. विकणारा घाटात यायला नाही म्हणाला, तर ती गाडी घेऊ नकोस म्हणावं.

तुझीच,
मी